जुन्या ट्रकचे दिवे: काय करावे, काय टाळावे

जुन्या ट्रकचा दिवा गेला की पहिला हात बल्बकडे जातो आणि दुसरा खिशाकडे. बल्ब बदलतो, दोन दिवस उजेड पडतो, पुन्हा अंधार. मग होल्डर, मग स्विच, मग नवी वायर. शेवटी कोणीतरी जाणता वायरमन चेसीसवरचा एक बोल्ट उकलतो, खालचा रंग खरवडतो, बोल्ट परत आवळतो आणि सगळे दिवे लख्ख लागतात. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या गाडीत तांब्याची तार सहसा मरत नाही, तिचे सांधे मरतात. त्यातही सगळ्यांत दुर्लक्षित सांधे परतीच्या वाटेवरचे, म्हणजे अर्थचे. खालची यादी हे धरूनच केली आहे. ती टाटा १६१३च्या घरातल्या २४ व्होल्टच्या मोठ्या गाड्यांसाठी आहे. ४०७ सारख्या १२ व्होल्टच्या गाडीला व्होल्टेजचे आकडे निम्मे धरा. तेवढ्याच वॅटला करंट मात्र दुप्पट लागतो, म्हणून तिथे सांधे आणखी जपावे लागतात.

हत्याराला हात लावण्याआधी

करा: लक्षण नीट पाहा आणि कागदावर लिहा. एकच दिवा गेलाय, की एका बाजूचे सगळे, की फक्त डिपर, की सगळेच मंद? या उत्तराने अर्धी गाडी वगळता येते. एकच दिवा गेला असेल तर शोध त्याच्या आसपासच: बल्ब, होल्डर, त्याचा अर्थ. एका बाजूचे पार्किंग आणि टेल एकदम गेले तर आधी फ्यूज, कारण बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचे फ्यूज वेगळे असतात. अप्पर लागतो पण डिपर दोन्हीकडे लागत नाही, तर डिपरचा स्विच, रिले किंवा फ्यूज. दोन बल्बांची डिपरची फिलामेंट एकाच रात्री जाणे क्वचितच घडते. आणि सगळेच मंद असतील तर पुढे जाऊच नका, आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि मुख्य अर्थ पाहा.

करा: ड्रायव्हरला विचारा, हे कधीपासून? पासिंगच्या रंगानंतर, हौद्याच्या वेल्डिंगनंतर, की नवा टेप बसवल्यावर? क्लिनरलाही विचारा. टेल लॅम्पला कुठे थाप मारली की तो लागतो, हे त्यालाच ठाऊक असते आणि निम्मा शोध तिथेच संपतो.

टाळा: एका वेळी दोन गोष्टी बदलणे. दिवा लागेल, पण कशामुळे लागला ते कळणार नाही आणि काढून टाकलेला चांगला भाग भंगारात जाईल.

करा: सपाट जागा, हॅन्डब्रेक, चाकाला लाकडी ठोकळा. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. कोरड्या हाताला २४ व्होल्टचा झटका जाणवत नाही म्हणून माणसे बेफिकीर असतात; पण बॅटरीचा प्लस आणि चेसीस यांच्यामध्ये कडे आले तर ते क्षणात तापते, आणि तेव्हा ते मनगटावर असते.

टाळा: टिपरचा हौदा उचलून, टेकू न लावता त्याखाली वायर शोधत बसणे. हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नये.

बॅटरी आणि चार्जिंग

करा: इंजिन बंद असताना आणि गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर लावा. १२ व्होल्टच्या दोन चांगल्या बॅटऱ्या मिळून २५.२ ते २५.६ व्होल्ट दाखवतात. इंजिन चालू करून रेस दिली की साधारण २७.५ ते २८.५. तेवढे चढत नसेल तर दिव्यांचा दोष शोधण्यात अर्थ नाही, आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि रेग्युलेटर बघा. उलट ते २९च्या वर जात असेल तर “या गाडीत बल्ब टिकतच नाहीत” या तक्रारीचे उत्तर मिळाले. व्होल्टेज ५ टक्के वाढले तरी साध्या फिलामेंटच्या बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

करा: दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.७ आणि दुसरी १२.१ दाखवत असेल तर कोणीतरी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून टेप, पंखा किंवा मोबाइलचा चार्जर जोडला आहे, असे समजून वायर शोधायला लागा. बहुतेक वेळा ती सापडते.

टाळा: हाच उद्योग. एका बॅटरीवर भार टाकला की ती कायम भुकेली राहते, दुसरी कायम जास्त चार्ज होते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. जोडी नवीन घ्यायची तर दोन्ही एकाच वेळी घ्या; एक जुनी, एक नवी अशी जोडी लावू नका.

टाळा: इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून “चार्जिंग आहे का” ते बघणे. डायनॅमोच्या काळातली ही सवय जुन्या उस्तादांच्या हातून अजून सुटत नाही. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज उसळी मारते आणि डायोड उडतात, सोबत रेग्युलेटरही.

करा: टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. पाना चेसीसला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ विडी-सिगरेट नको. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण बॅटरीची बुचे घट्ट लावूनच.

अर्थ: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

बॅटरीतून निघालेला करंट बल्बमधून चेसीसवर येतो आणि चेसीसवरून परत बॅटरीत जातो. जाणाऱ्या वाटेवर रंगीत वायर असते, फ्यूज असतो, म्हणून तिकडे सगळ्यांचे लक्ष असते. येणारी वाट म्हणजे लोखंड, एक बोल्ट आणि एक वेणीदार पट्टी. तिची चौकशी कोणी करत नाही.

करा: विचित्र लक्षण दिसले की आधी अर्थवर संशय घ्या. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा दिवा मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही सोबत लुकलुकतो, ब्रेक दाबला की त्या बाजूचा टेल विझतो: ही सगळी एकाच रोगाची रूपे. टेल आणि ब्रेकचा बल्ब एकच असतो, २१ आणि ५ वॅटच्या दोन फिलामेंटचा, आणि दोन्हींना परतीची वाट एकच. ती तुटली की ब्रेकचा करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेलच्या वायरीत शिरतो आणि त्या वायरीवरच्या दुसऱ्या दिव्यांतून अर्थ शोधतो. ही चूक स्विचची समजून नवा कॉम्बिनेशन स्विच घेणारे गाडीमालक कमी नाहीत.

करा: दिवा चालू ठेवून मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून घ्या), लाल पिन टेल लॅम्पच्या होल्डरच्या पत्र्याला. वाट चांगली असेल तर आकडा शून्याच्या जवळ येतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर परतीच्या वाटेत दोष आहे. आता लाल पिन एकेक पाऊल पुढे न्या: होल्डर, दिव्याचा ब्रॅकेट, ब्रॅकेट जिथे बसतो ती चेसीस, बॅटरीच्या अर्थपट्टीचा बोल्ट, पट्टीचे दुसरे टोक. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली येतो, तिथेच दोष. एवढ्या साध्या युक्तीने जे दहा मिनिटांत सापडते, त्यासाठी अख्खी वायरिंग उकलून ठेवलेल्या गाड्या ट्रान्सपोर्टनगरात दिसतात.

हे किती महत्त्वाचे, याचा हिशेब पाहा. मागचे दोन ब्रेक लाइट, दोन टेल, एक नंबरप्लेट आणि एका बाजूचा इंडिकेटर मिळून ७८ वॅट. २४ व्होल्टवर करंट सव्वातीन अँपिअर. या सगळ्यांच्या सामाईक अर्थमध्ये फक्त एक ओहमचा गंज बसला तरी जवळपास तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. व्होल्टेज १२ टक्के घटले की उजेड १२ नव्हे, तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतो, कारण फिलामेंट थोडी गार पडली तरी तिचा उजेड झपाट्याने कमी होतो. मागच्या गाडीला तुमचा ब्रेक तेवढा उशिरा कळतो.

करा: पासिंगच्या रंगानंतर अर्थचे सगळे बोल्ट एकदा खोला. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, दरवर्षी चेसीसवर नवा रंग चढतो, आणि रंगाच्या प्रत्येक थराखाली अर्थचा थिंबल आणखी गाडला जातो. थिंबलखालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत काढा, खाचेचा वॉशर टाका, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा.

टाळा: आधी ग्रीस चोपडून मग आवळणे. धातूला धातू भिडला पाहिजे. ग्रीस पाणी बाहेर ठेवायला असते, करंट न्यायला नाही.

करा: केबिन ते चेसीस आणि इंजिन ते चेसीस या वेणीदार पट्ट्या आहेत का, ते खाली झोपून बघा. केबिन आणि इंजिन दोन्ही रबराच्या बुशांवर बसतात, रबरातून करंट जात नाही. इंजिनाची पट्टी तुटलेली असेल तर सेल्फ मारताना करंट मिळेल त्या वाटेने परततो. एक्सिलेटरची नाहीतर मीटरची केबल गरम लागली तर कारण हेच.

करा: लाकडी हौद्यावर किंवा फायबरच्या पट्टीवर दिवा बसवला असेल तर त्याला अर्थची वेगळी वायर चेसीसपर्यंत आणा. खरे तर जुन्या गाडीत मागच्या सगळ्या दिव्यांना एक सलग अडीच चौरस मिलिमीटरची काळी वायर थेट चेसीसच्या स्वच्छ बोल्टवर आणली, तर पुढची कितीतरी वर्षे शांततेत जातात.

मासळी वाहणाऱ्या गाड्यांना हे दुप्पट लागू. रत्नागिरी, मालवण, मडगावकडच्या ट्रकांच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी नेमके टेल लॅम्पवर ठिबकते. होल्डरच्या पितळेवर हिरवा कळंक चढलेला दिसला की साफसफाईत वेळ घालवू नका, होल्डर बदला. कळंक घासून निघतो, पण आतली स्प्रिंग तोवर मेलेली असते.

मीटर कधी खोटे बोलते

टाळा: दिवा काढून, रिकाम्या होल्डरमध्ये मीटर लावून “चोवीस येतात, म्हणजे वायर ठीक” असे म्हणणे. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही. वायरीचे सगळे केस तुटून एकच उरला असेल तरी मीटरला पूर्ण चोवीस दिसतात. बल्ब लावला की त्या एका केसातून भार पेलवत नाही.

करा: २१ वॅटचा बल्ब, एक होल्डर, दोन हात-हात वायर आणि दोन क्लिप घेऊन टेस्ट लॅम्प बनवा. तो खरा भार टाकतो. टेस्ट लॅम्प लख्ख लागला तर वाट खरोखर चांगली. मंद लागला तर मीटर काहीही म्हणो, दोष आहे.

टाळा: तार चेसीसला घासून ठिणगी पाहणे. ठिणगी पडली म्हणजे करंट आला एवढेच कळते, किती ते नाही. आणि कधीतरी डिझेलच्या टाकीजवळ हीच ठिणगी पडते.

टाळा: बल्ब जागेवर ठेवून ओहमवर “शॉर्ट” शोधणे. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या सुमारे एक दशांश असतो. टेलच्या वायरीवर बल्ब समांतर जोडलेले असताना मीटर इतका कमी आकडा दाखवते की नवखा माणूस घाबरून वायर कापायला निघतो. आधी त्या सर्किटचे सगळे बल्ब काढा, बॅटरी सोडवा, मग मोजा.

करा: ब्रेक लाइट तपासण्याआधी हवेचा काटा बघा. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच हवेच्या दाबावर चालतो. टाकीत हवा नसेल तर पेडल कितीही दाबा, दिवा लागणार नाही आणि त्यात स्विचचा काही दोष नाही.

फ्यूज

करा: उडालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बदला. जुन्या चिनी मातीच्या लांबट फ्यूजांत पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. नंतरच्या चपट्या फ्यूजांत लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दोन्ही प्रकारांत लाल आणि निळा आहे आणि आकडे वेगळे, ही गफलत बऱ्याच ठिकाणी होते.

टाळा: सिगरेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळणे, किंवा वायरीचा केस वळवून घालणे. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. त्याला बांधून ठेवलेत की सर्किटमधली पुढची सगळ्यांत कमजोर जागा जळेल, आणि ती डॅशबोर्डमागे असेल.

करा: फ्यूज अखंड आहे पण दिवा येतो-जातो, तर फ्यूज हाताने जागच्या जागी फिरवून बघा. जुन्या फ्यूजबॉक्सच्या पितळी पाकळ्या सैल पडतात, काळ्या पडतात, तिथे गरम होऊन बॉक्सचे प्लास्टिक वितळते. पाकळ्या घासून, थोड्या आत दाबून घ्या. प्लास्टिक वितळले असेल तर बॉक्सच बदला.

करा: फ्यूज लावताच उडत असेल तर फ्यूजचे डबेच्या डबे संपवू नका. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा, बल्बची दोन टोके फ्यूजच्या दोन पाकळ्यांना. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि वायर जळत नाही, कारण करंट बल्बच्या मापातच राहतो. आता पुढचे एकेक कपलर सोडत जा. जो सोडल्यावर बल्ब विझतो किंवा मंदावतो, शॉर्ट त्याच्या पुढच्या भागात. सगळे कपलर सुटूनही पेटलेलाच असेल तर वायरीचा जुडगा हलवत चाला. जिथे हलवल्यावर तो लुकलुकतो, तिथली टेप उकला. हेडलाइटच्या सर्किटला मात्र २१ वॅटचा बल्ब अपुरा. तिथे जुन्या हेडलाइटचा बल्ब वापरा.

शॉर्टच्या ठरलेल्या जागा आहेत. चेसीसच्या भोकातून वायर जाते आणि रबराचा ग्रोमेट गळून पडलेला आहे, ती जागा. कमानीच्या पट्ट्यांजवळची जागा. सायलेन्सरच्या बाजूची जागा. आणि हौदा बांधणाऱ्याने ड्रिल मारून बोल्ट घातला तेव्हा मागून वायर जात होती, ती जागा. ट्रकचा हौदा बऱ्याचदा कंपनीत नाही, गावात बांधला जातो, आणि बांधणारा लाकूड-लोखंडाचा कारागीर असतो. वायर कुठून गेली हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

टाळा: बॅटरी न सोडता हौद्याला वेल्डिंग. आधी मायनस काढा, अल्टरनेटरचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ जिथे वेल्ड मारायचा त्याच्या अगदी जवळ लावा. पुढच्या बंपरला अर्थ लावून मागच्या फाळक्याला वेल्ड मारला तर तो शेकडो अँपिअरचा करंट गाडीभर वाट शोधत फिरतो.

स्विच, रिले, फ्लॅशर

करा: हेडलाइटला रिले नसेल तर बसवा. कितीतरी जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. ७५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे २४ व्होल्टवर सव्वासहा अँपिअर, वीस वर्षांच्या स्विचला तेही जड. रिलेवरचे आकडे जर्मन डीआयएन ७२५५२ मानकातले आहेत आणि देशी गाड्यांच्या रिलेवरही तेच असतात: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेला प्लस, ८७ दिव्याला, ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन टोकांपैकी एक स्विचला आणि एक अर्थला. स्विचमधून मग जेमतेम कॉइलपुरता करंट जातो. अप्पर आणि डिपरला वेगवेगळा रिले, आणि रिले असा बसवा की पिना खालच्या बाजूला राहतील, पाणी साचणार नाही.

टाळा: रिले न घालता १००/९० वॅटचे बल्ब. उजेडाचा हव्यास समजतो, पण आधी स्विच वितळतो, मग परावर्तकाचा चकचकीत थर उडतो, आणि शेवटी उजेड पूर्वीपेक्षा कमी. खरा उजेड हवा असेल तर बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. तिथे २७ ऐवजी २४ येत असतील तर साध्या ७५/७० च्या बल्बाचाही उजेड तिसऱ्या हिश्शाने घटलेला असतो. तो वायरीतून परत मिळवा.

इंडिकेटर भराभर लुकलुकला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, किंवा कोणीतरी एलईडी घातलाय. लागून राहिला, लुकलुकलाच नाही, तर फ्लॅशर किंवा कमी व्होल्टेज. फ्लॅशरवर व्होल्ट आणि वॅट दोन्ही छापलेले असतात. दुकानदाराला गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुना फ्लॅशरच दाखवा.

बल्ब

करा: टेल-ब्रेकच्या बल्बच्या दोन पिना खाली-वर असतात, त्या होल्डरच्या खाचा बघून बसवा. जोर लावून उलटा बसवला की ब्रेकला मंद आणि टेलला लख्ख असा प्रकार होतो.

टाळा: हॅलोजनच्या काचेला बोटे लावणे. घामाचा-तेलाचा डाग तिथे भाजतो आणि काच फुटते. लागलीच बोटे तर स्पिरिटने पुसा.

टाळा: एच-४ च्या परावर्तकात एलईडीचा बल्ब. परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम हलला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमच्या रस्त्यावर खड्डा तसाच अंधारात. मागे मात्र अख्खा एलईडीचा बंद लॅम्प बसवला तर चांगलाच. करंट कमी, हादऱ्याने फिलामेंट तुटण्याची भानगड नाही.

सांधे आणि वायर

टाळा: दोन वायरी पिळून वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो, पावसाळ्यात आत पाणी शिरते, आणि तांबे वायरीच्या आतून काळे पडत जाते. वरून सगळे ठीक दिसते, हाच त्यातला धोका.

करा: थिंबल किंवा जॉइंट क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबून बसवा, वर गरम करून आकसणारी स्लीव्ह चढवा. सोल्डर वाईट नाही, पण सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि ट्रकच्या हादऱ्याने तिथेच तुटते; सोल्डर केलेच तर दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधा.

टाळा: घराच्या फिटिंगची वायर. तिचे जाड केस हादऱ्याने तुटतात आणि आवरण तेल, उष्णता सोसत नाही.

टाळा: वायर ब्रेकच्या हवेच्या पाइपला किंवा डिझेलच्या नळीला बांधणे. सोयीचे वाटते खरे. शॉर्ट झाला की दिव्याबरोबर ब्रेकही जातो.

करा: नवी वायर त्याच रंगाची टाका. नसेल तर दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी आणि वर पारदर्शक टेप. पुढची दुरुस्ती दुसराच कोणी करणार आहे, बहुधा रात्री.

रात्री, रस्त्यावर

करा: घाटात दिवे गेले तर आधी गाडी रस्त्याच्या कडेला, धोक्याचे चारही इंडिकेटर, आणि मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण. वळणाच्या अलीकडे ठेवा, पलीकडे ठेवून उपयोग नाही.

टाळा: टायरमागे दगड लावून, काम झाल्यावर ते तिथेच सोडून जाणे. खंबाटकीत, कशेडीत असे दगड दुचाकीवाल्यांचे जीव घेऊ शकतात. ही गोष्ट विजेची नाही, तरीही या यादीत हवीच.

करा: एकच हेडलाइट चालू असेल आणि तो डावा असेल, तर चांगला बल्ब काढून उजवीकडे लावा. आपण डावीकडून चालतो; समोरच्याला तुमच्या गाडीची उजवी कड दिसली पाहिजे. नुसता डावा दिवा दिसला तर तो तुम्हाला कडेने येणारी मोटारसायकल समजतो.

करा: उसाच्या हंगामात गाडी भरून झाल्यावर मागे जाऊन उभे राहा. मोळ्या टेल लॅम्पच्या बाहेर लोंबत असतील तर वायरिंग कितीही चोख असो, मागच्याला काहीच दिसणार नाही. लांब वायरचा एक जादा लाल दिवा कपलरसह तयार ठेवा आणि मोळ्यांच्या टोकाला बांधा. परावर्तक पट्ट्या, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, रोज ओल्या फडक्याने पुसा. दिवे गेले तरी त्या काम करतात, पण चिखलाखालून नाही.

करा: केबिनमध्ये एक डबा ठेवा. हेडलाइटचा एक बल्ब, टेल-ब्रेकचे दोन, इंडिकेटरचे दोन, प्रत्येक मापाचे दोन फ्यूज, एक रिले, टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपरचा तुकडा, दोन मीटर वायर, थोडी जेली. बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि डबा केबिनमध्येच. हौद्याखालच्या पेटीत ठेवलात तर पहिल्याच पावसात रिलेच्या पिना हिरव्या होतील.